टॅरंटुलाची पेटी आणि नांदगावचा मे महिना

टॅरंटुला हा केसाळ कोळी पाळण्यावर जे काही लिहिलं गेलं आहे, त्यातलं बहुतेक थंड देशांतल्या माणसांनी लिहिलेलं आहे. जर्मनीतल्या किंवा इंग्लंडमधल्या माणसाला पहिली काळजी असते ती कोळी गारठेल याची. म्हणून त्या लिखाणात पेटीखाली अंथरायची गरम चटई येते, वर टांगायचा तांबडा दिवा येतो, ऊब धरून ठेवणारी चारी बाजूंनी बंद काच येते. नांदगावात हे जसंच्या तसं उचललं, तर एप्रिल संपायच्या आत पेटी रिकामी होईल. तेव्हा या प्रकरणात परदेशी सल्ल्यातलं जे इथे चालतं तेवढंच घेतलं आहे. बाकीचं आपली हवा आणि आपल्या बाजारात मिळणाऱ्या वस्तू पाहून सांगितलं आहे.

नाशिक जिल्ह्यातला नांदगाव तालुका पर्जन्यछायेतला. दक्षिणेला सातमाळ्याची रांग, उत्तरेकडे गिरणेचं खोरं, मध्ये मुरमाड माळ आणि कांदा, मका, कपाशीची शेतं. मे महिन्यात पारा चाळीस ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत तो कुठे जातो हे त्या खोलीत दुपार काढणाऱ्यालाच विचारावं. थंडीच्या लाटेत पहाटे हाच पारा एकआकडी होतो. गिरणा धरण याच तालुक्यात आहे आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावंही याच तालुक्यात आहेत. अशा टोकाच्या हवेत कोळी राहतात का? राहतात. पावसाळ्यानंतर माळावर वाकून पाहिलं तर कडेला रेशमी अस्तर लावलेली छोटी गोल बिळं दिसतात, ती बहुधा लांडगा-कोळ्यांची. वर जमीन भाजत असली तरी वीतभर खाली माती गार असते, किंचित ओलही धरून असते. कोळी दिवसभर तिथे बसून राहतो आणि रात्री वर येतो. टॅरंटुलाच्या पेटीचं निम्मं शास्त्र यात आलं. कोरडं की ओलं, उबदार की गार, उजेड की अंधार, ही निवड कोळ्याला करता आली पाहिजे. मालकाने एकच एक हवा ठरवून दिली, की त्याची पहिली चूक कोळ्याच्या जिवावर बेतते.

पण पेटीच्या आधी कोळी कुठला, हे बघावं लागतं. घराच्या भिंतीवर दिसणारा, अंड्यांची पांढरी चकती पोटाखाली धरून पळणारा मोठा चपटा कोळी म्हणजे टॅरंटुला नव्हे. तो झुरळं खातो, त्याला तिथेच राहू द्यावं. खरे टॅरंटुला महाराष्ट्रात आहेत. मुंबईच्या आरे वसाहतीतून झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी २०१४ साली एक नवी जात शास्त्राच्या दप्तरी नोंदवली. तिचं नावच हेटेरोफ्रिक्टस आरेयेन्सिस. देशातल्या सगळ्यात मोठ्या शहराच्या आत, गोठ्यांच्या आणि रस्त्यांच्या शेजारी हा कोळी नांदत होता आणि २०१४ पर्यंत त्याला नाव नव्हतं. आपल्या कोळ्यांबद्दल आपल्याला एवढंच ठाऊक आहे. त्यामुळे सातमाळ्याच्या डोंगरातून किंवा गौताळा अभयारण्यातून दगड उलटून कोळी आणायचा आणि पेटीत घालायचा, हा विचार मनातून काढूनच टाका. अभयारण्यात तो गुन्हा आहे, आणि बाहेरही ज्याची संख्या कुणी मोजलेली नाही असा प्राणी हौसेपायी उचलणं बरोबर नाही.

रेल्वेच्या गावांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. रेजिनाल्ड पॉकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ साली पोसिलोथेरिया मेटॅलिका या निळ्याशार टॅरंटुलाचं वर्णन केलं. नमुना मिळाला होता आंध्रातल्या गुत्ती या रेल्वेच्या गावी. पुढे शंभर वर्षं तो कोळी कुणाला दिसला नाही. २००१ साली तो पुन्हा सापडला, तो गुत्तीला नव्हे. शंभरेक किलोमीटर लांब, नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात. पहिला नमुना लाकडाच्या ओंडक्यांबरोबर गाडीतून गुत्तीला आला असावा, असा तर्क आहे. पुन्हा सापडल्यावर काही वर्षांतच तो युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या पेट्यांमध्ये पोचला. आज तो अतिसंकटग्रस्त जातींत मोडतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण इथेच बहुतेक लोक अडकतात. पोसिलोथेरिया ही सगळी प्रजाती २०१९ साली सायटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली; मेक्सिकोकडची ब्रॅकिपेल्मा प्रजाती त्याआधीपासूनच तिथे होती. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि तिच्यामुळे सायटीसच्या यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते. त्याचे नियम २०२४ च्या फेब्रुवारीत आले. नोंदणी परिवेश या सरकारी संकेतस्थळावर होते. परवान्याशिवाय परदेशातून पोस्टाने कोळी मागवणं म्हणजे सरळ तस्करी. चेन्नईच्या कस्टम्सने जुलै २०२१ मध्ये पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं, तर आत चांदीच्या वर्खासारख्या कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या कुप्या होत्या आणि त्यांत १०७ जिवंत कोळी. विकणारा माणूस कागद दाखवू शकत नसेल, पावती देत नसेल, जातीचं शास्त्रीय नाव सांगत नसेल, तर कोळी कितीही देखणा असो, पैसे खिशात ठेवा आणि घरी या.

कायदेशीर मार्गाने, माणसाच्या देखरेखीत जन्मलेला कोळी मिळाला असं धरून आता पेटीकडे वळू.

टॅरंटुलांच्या राहणीचे ढोबळ तीन प्रकार. काही जमिनीवर वावरतात आणि दगडाखाली किंवा लाकडाखाली आडोसा करतात. काही खोल बीळ खोदून आयुष्य त्यातच काढतात. काही झाडावर राहतात, ढोलीत किंवा सालीमागे रेशमी नळी विणून. या तिघांना एकच पेटी चालत नाही. दुकानात मात्र एकच पेटी दाखवतात: माशांची काचेची टाकी, उभट, वर जाळीचं झाकण, तळाला रंगीत खडे. जमिनीवरच्या कोळ्यासाठी याहून वाईट घर शोधून सापडणार नाही.

कारण उंची. टॅरंटुलाचं पोट म्हणजे पातळ कातडीची पिशवी. मोठी, खाऊन जड झालेली मादी काचेवरून वर चढते, तिथे पाय निसटतो आणि ती खाली येते. उंची थोडी असेल तर काही होत नाही. फूटभरावरून दगडावर पडली तर पोट फुटतं आणि त्यावर इलाज नसतो. म्हणून जमिनीवरच्या कोळ्याच्या पेटीत मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर त्याच्या पसरलेल्या पायांच्या लांबीच्या दीडपटीपेक्षा जास्त ठेवू नये. पंधरा सेंटिमीटर पसाऱ्याच्या मादीला बावीस-तेवीस सेंटिमीटर खूप झाले. लांबी पसाऱ्याच्या तिप्पट, रुंदी दुप्पट. उंच टाकी घरात पडूनच असेल तर फेकायची गरज नाही, ती वरपर्यंत मातीने भरत आणा. पाहुण्यांना ते विचित्र दिसेल, कोळ्याला नाही. झाडावरच्या कोळ्याला उलट उंची हवी. तो मुळात चढण्यासाठीच घडलेला आहे, अंगाने हलका आणि पायांनी चिकटून राहणारा.

झाकणाला तारेची जाळी नको. कोळ्याच्या पायाच्या टोकाला बारीक नख्या असतात. त्या जाळीत अडकल्या की तो उलटा लटकत राहतो आणि पाय तोडून सुटतो. अॅक्रेलिकचं झाकण घ्या आणि त्याला भोकं पाडा. जाड अॅक्रेलिकला ड्रिल लागतो. प्लॅस्टिकच्या बरणीला सोल्डरिंगची गरम टोच पुरते, फक्त ते काम अंगणात करा, त्याचा धूर वाईट असतो. भोकं समोरासमोरच्या बाजूंना असावीत, म्हणजे हवा एकीकडून शिरून दुसरीकडून निघते. भोकाचं माप कोळ्याच्या पोटावरून ठरवू नका. पोट दबतं, डोक्याकडचं कठीण कवच दबत नाही. ते कवच जिथून जाईल तिथून कोळी जातो, म्हणून भोक त्या कवचाहून लहान हवं. नखाएवढ्या पिल्लासाठी तर मसाल्याची छोटी पारदर्शक डबीच उत्तम. त्याला मोठ्या पेटीत सोडलं तर भक्ष्य एका कोपऱ्यात आणि पिल्लू दुसऱ्या कोपऱ्यात, अशी त्याची उपासमार होते. झाकणाला कडी हवीच. टॅरंटुलाच्या अंगात झाकण उचलण्याइतकी ताकद असते, आणि आई एकदा चपलांच्या स्टँडवर त्याला भेटली की तुमचा छंद तिथेच संपतो.

काच चिकटवायला सिलिकॉन वापरलंत तर माशांच्या टाकीचं घ्या, बाथरूमच्या फरशीचं नको. त्यात बुरशीनाशक असतं. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवा. दोन दिवस कमीत कमी, घाई असली तरी.

आता माती. शेतातली माती चालत नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण नांदगावात पहिला मोह तोच होतो. कपाशी, कांदा, मका या तिन्ही पिकांवर फवारण्या होतात. बहुतेक कीटकनाशकं किडींच्या मज्जासंस्थेवर घाव घालण्यासाठी बनवलेली आहेत, आणि कोळी कीटक नसला तरी त्याची मज्जासंस्था त्यातून सुटत नाही. फवारणी करून आलेल्या माणसाने हात धुतल्याशिवाय पेटीत हात घालू नये, इतकी ही गोष्ट नाजूक आहे. नर्सरीत कोकोपीटची वीट मिळते. ती बादलीत भिजवली की कितीतरी पट फुगते. एकदोन पाण्यांत धुऊन घ्या, कारण नारळ समुद्राकाठचा असतो आणि त्यात मीठ राहिलेलं असतं. नुसतं कोकोपीट मात्र बिळाला पुरत नाही, कोरडं झालं की ते भुसभुशीत होऊन ढासळतं. त्यात तिसरा हिस्सा स्वच्छ पोयट्याची माती मिसळा. ही माती पडीक जागेवरची, कधी फवारणी न झालेली असावी. चाळून, लोखंडी कढईत चुलीवर चटका बसेपर्यंत भाजून घ्यावी. मुरूम, रंगीत खडे, देवदाराचा भुसा यांतलं काही नको. खड्यांत बीळ होत नाही, पाणी खाली साचतं. देवदाराच्या वासाची तेलंच कोळ्याला त्रास देतात.

जमिनीवरच्या कोळ्याला दहा सेंटिमीटर माती, बीळ करणाऱ्याला वीस-पंचवीस. ती थराथराने घाला आणि प्रत्येक थर मुठीने दाबा. मातीची मूठ वळून ती न फुटता टिकली, पण बोटांतून पाणी आलं नाही, की ओल बरोबर आहे.

आणि इथे नांदगावच्या शेतावरची एक वस्तू कामाला येते: ठिबकची नळी. सोळा मिलिमीटरच्या लॅटरलचा न वापरलेला तुकडा घ्या, म्हणजे आतून खत-औषध गेलेलं नसेल. पेटीच्या मागच्या कोपऱ्यात तो उभा धरा. खालचं टोक तळापासून बोटभर वर, वरचं टोक मातीच्या बाहेर. खालच्या टोकापाशी थोडी वीटकूट टाका, त्याने नळी बुजत नाही. मग भोवती माती भरा. आता पाणी वरून शिंपडायचं नाही, आठवड्यातून एकदा थोडं या नळीतून सोडायचं. पाणी तळाशी जातं आणि तिथून हळूहळू वर चढतं. वरची दोन-तीन बोटं माती कोरडी राहते, खालची ओली. बिळाच्या तोंडाशी एक हवा, तळाशी दुसरी. माळावरच्या बिळात जे आपोआप घडतं तेच इथे नळीने घडवायचं. वरून फवारा मारण्याची पद्धत परदेशी चित्रफितींत फार दिसते. नांदगावच्या उन्हाळ्यात ते पाणी तासाभरात उडून जातं, पावसाळ्यात त्याच पाण्यावर बुरशी येते, आणि कोळ्याला दोन्ही वेळा अंगावर पडलेल्या थेंबांचा वैताग तेवढा मिळतो. नळीचं वरचं तोंड बारीक कापडाने बांधायला विसरू नका. पिल्लू असेल तर ते त्यात उतरतं.

बिळाची सुरुवात आपण करून द्यावी. समोरच्या काचेला लागून झाडूच्या दांड्याएवढं भोक तिरपं खाली उतरवा. तळाशी किंचित रुंद करा. कोळ्याला ते पटलं तर तो तेच वाढवतो, आणि काच ही बिळाची एक भिंत होते. बाहेरून त्या जागी काळा कागद टेपने असा लावा की वर उचलता यावा. रात्री तांबड्या उजेडाची छोटी बॅटरी धरून कागद उचलला की बिळात बसलेली मादी दिसते, पाय जवळ घेतलेले, पुढचे दोन रेशमाच्या धाग्यावर टेकलेले. हे धागे तिचे खरे डोळे. तिला आठ डोळे असतात, पण त्यांनी उजेड-अंधारापलीकडे फारसं दिसत नाही. धागा हलला की तिला कळतं. कधीकधी मात्र ती आपण केलेलं भोक बुजवून टाकते आणि मागच्या कोपऱ्यात, जिथून काही दिसत नाही तिथे, स्वतःचं खोदते. मग काही करायचं नाही. पेटी तिची आहे.

पेटी देखणी करायला इथे पैसे लागत नाहीत. एक काळा दगड, बाभळीचं वाकडं मूळ, पळसाच्या सालीचा तुकडा, फुटक्या माठाचं खापर. एवढ्यावर आपल्या माळाचा एक हातभर तुकडा काचेत उभा राहतो, आणि तो कुठल्याही प्लॅस्टिकच्या कवटीपेक्षा आणि गुलाबी शिंपल्यापेक्षा बरा दिसतो. मूळ आणि साल आधी उकळा, मग मेच्या उन्हात काळ्या पत्र्यावर वाळवा. आपलं ऊन या कामाला फुकट भट्टी आहे. दगडाचा नियम एकच, पण मोडला तर जीव घेतो: दगड मातीवर ठेवू नये, तो पेटीच्या तळावर टेकवून मग माती भरावी. मातीवर ठेवलेल्या दगडाखाली कोळी खोदतो आणि दगड त्याच्यावर बसतो. धारदार कपच्या, निवडुंगाचे काटे टाळा. खापर पालथं घालून त्याची एक कड उचललेली ठेवलीत की जमिनीवरच्या कोळ्याचा आडोसा झाला. ते अर्धं मातीत बसवा, म्हणजे सरकत नाही. मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून मातकट रंगाचा कागद लावलात तर पेटीला खोली येते आणि कोळीही शांत राहतो. चारही बाजूंनी उघड्या काचेत तो सतत कडा चाचपत फिरतो. झाडावरच्या कोळ्याच्या पेटीत सालीचा लांब तुकडा उभा, थोडा तिरपा, काचेला टेकवून ठेवा. शेजारी मनीप्लँटची एक फांदी लावली तर शोभते आणि ओलही धरते. दिव्याची गरज कुणालाच नाही.

पाण्याची वाटी नेहमी भरलेली हवी. पिल्लाला बाटलीचं झाकण पुरतं. वाटीत स्पंज किंवा कापूस घालायची जुनी पद्धत सोडून द्या. त्यात घाण साचते, आणि कोळ्याला पाणी चोखायला स्पंज लागत नाही. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने वाटीवर पांढरे थर चढतात, तेव्हा प्यायचं पाणीच वापरा. चमचाभर पाणी कोळ्याला दिलं म्हणून टंचाई वाढत नाही.

पाणी एवढं महत्त्वाचं का, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. टॅरंटुलाच्या पायाच्या मुख्य सांध्यांत पाय आत ओढणारे स्नायू आहेत, बाहेर लांबवणारे नाहीत. पाय लांबवतो तो शरीरातल्या द्रवाचा दाब. अंगातलं पाणी घटलं की दाब घटतो, पाय उलगडत नाहीत आणि सगळे पोटाखाली गोळा होत जातात. एप्रिल-मे महिन्यात असा कोळी दिसला तर मेला म्हणून फेकू नका. त्याला हळूच उचलून तोंडाकडची बाजू उथळ पाण्याच्या कडेला टेकवा आणि पेटी गार जागी हलवा. वेळेवर कळलं तर तासाभरात पाय सैल होऊ लागतात.

उन्हाळ्याची तयारी होळीपासूनच करावी. पेटी घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत, जमिनीलगत, पत्र्यापासून आणि पश्चिमेच्या भिंतीपासून लांब ठेवा. थेट ऊन तर सकाळचंही नको, काचेत ऊन कोंडतं आणि थोड्याच वेळात आत भट्टी होते. पेटीजवळचं तापमान पस्तिसाच्या वर जाऊ लागलं की हालचाल करा. रुंद परातीत पाणी घालून मध्ये विटेवर पेटी ठेवा आणि ओलं गोणपाट तीन बाजूंनी असं टांगा की त्याचं खालचं टोक पाण्यात राहील. भोकं झाकायची नाहीत. आपली हवा कोरडी असल्याने पाणी जोरात उडतं, आणि माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने पेटीभोवतीची हवा उतरते. कूलर खोलीत चालेल, त्याचा झोत पेटीवर नको. वीज गेली आणि दुपार लांबली, तर भोकं पाडलेल्या थर्माकोलच्या खोक्यात पेटी ठेवून शेजारी फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली ठेवा. गरम चटईची गोष्ट सुरुवातीला काढली, तिचं कारण इथे सांगतो. गरम झालं की कोळी खाली उतरतो. त्याच्या सगळ्या पूर्वजांनी तेच केलेलं आहे. चटई खालीच असते. तो जितका खाली जाईल तितका जास्त भाजतो आणि वाळतो, आणि वर यायचं त्याला सुचत नाही. थंडीतही ती नको. पेटीला तीन बाजूंनी थर्माकोल लावून मधल्या खोलीत ठेवली की आपली थंडी निभते. तेव्हा कोळी खाणं कमी करतो, त्याची चिंता करू नये.

पावसाळ्यात सगळं उलटं. नळीतलं पाणी कमी करा, खाल्लेल्या किड्यांचे उरलेले गोळे लांब चिमट्याने रोज काढा. ओल्या मातीत राहणारे पांढरे उड्या मारणारे सूक्ष्म किडे दिसले तर घाबरू नका, ते बुरशी खातात आणि पेटी साफ ठेवतात. मोठ्या कोळ्यांना असे छोटे शेजारी चालतात. पेरू देशातल्या जंगलात तर एका टॅरंटुलाच्या बिळात चिमुकला बेडूक राहतो आणि कोळी त्याला खात नाही.

खाणं म्हणून शेतातले नाकतोडे किंवा गटारातली झुरळं देऊ नका. त्यांच्या अंगात औषध असू शकतं. प्लॅस्टिकच्या टबात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे करून रातकिडे वाढवता येतात. प्रौढ कोळ्याला आठवड्याला एकदोन पुरतात.

नांदगावसारख्या गावात कोळ्याचा खरा शत्रू ऊन नाही, डासांवरचं औषध आहे. मच्छर अगरबत्ती, भिंतीत खोचायचं लिक्विड, झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू, कपाटातल्या डांबरगोळ्या: यांतलं काहीही त्या खोलीत नको. गल्लीत धूरफवारणीची गाडी येते तेव्हा खिडक्या लावून पेटी आतल्या खोलीत न्या, आणि धूर बसून गेल्यावरच खिडक्या उघडा. घरात डास असतील तर त्या खोलीत मच्छरदाणी लावा. मुंग्यांसाठी आजीचा उपाय आजही पहिला: दुधाच्या कपाटाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, तशा पेटीच्या स्टँडच्या पायाखाली ठेवायच्या. कात टाकताना अंग मऊ असलेल्या कोळ्याला लाल मुंग्या एका रात्रीत संपवतात.

कात टाकण्याबद्दल दोन शब्द, कारण नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक तिथे होते. आधी कोळी खाणं सोडतो, पोटाचा रंग गडद होतो, बिळाचं तोंड रेशमाने बंद होतं. मग एक दिवस तो पाठीवर उताणा पडलेला दिसतो, पाय वर. तो मेलेला नसतो. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाखाली गोळा झालेले असतात आणि तो सहसा पालथा असतो. उताण्या कोळ्याला हात लावू नका, पेटी हलवू नका, आत रातकिडा असेल तर तेवढा हळूच काढून घ्या, कारण तोही मऊ अंगाला चावतो. काही तासांत जुनी कातडी सुटते. नवे विषदंत आधी पांढरे असतात. ते काळे होईपर्यंत, मोठ्या कोळ्याला पंधरवडा तरी, खायला देऊ नका. वाटीत पाणी मात्र ठेवा.

घर रेल्वेच्या रुळांजवळ असेल तर स्टँडखाली जाड फोमचा तुकडा घाला. मुंबई-भुसावळ मार्गावर गाड्यांना खळ नसतो, आणि कोळ्याला तो थरथराट पायांतून कळतो. मिक्सर, शिलाई मशीन, टीव्हीचा आवाज यांच्याही शेजारी नको.

हातावर घेऊन फोटो काढायचा असेल, तर या प्रकरणाचा तुम्हाला उपयोग नाही. अमेरिकेकडच्या बहुतेक जाती पोटावरचे बारीक केस उडवतात. ते डोळ्यांत गेले तर डॉक्टरकडे जावं लागतं. आपल्याकडच्या आणि आशियातल्या जातींना असे केस नसतात, त्या चावतात. पोसिलोथेरियाच्या चाव्याने माणूस मेल्याची नोंद नाही, पण स्नायूंना येणारे पेटके काही दिवस पुरतात. आणि कोळी हातावरून पडला तर पोटाचं काय होतं ते वर आलंच आहे. साफसफाई लांब चिमट्यानेच करावी. कोळी हलवायचा असेल तर पारदर्शक बरणी त्याच्यावर पालथी घालून खालून पुठ्ठा सरकवावा.

शेवटी एक हिशेब, पेटीवर पैसे खर्च करायच्या आधी करायचा. नर टॅरंटुला प्रौढ झाल्यावर फार दिवस राहत नाही, पण अनेक जातींची मादी पंधरा-वीस वर्षं जगते. दहावीत असताना आणलेली मादी तुम्ही पुण्या-नाशिकला शिकायला जाल तेव्हा असेल, नोकरी लागेल तेव्हा असेल, लग्नातही असेल. त्या काळात तिची वाटी कोण भरणार, हे घरातल्या माणसाचं नाव घेऊन ठरवा. आणि सांभाळणं खरोखरच अशक्य झालं तर दुसऱ्या नोंदणीकृत पाळणाऱ्याकडे कागदपत्रांसकट सुपूर्द करा, किंवा वन विभागाला विचारा. बाहेरच्या जातीचा कोळी डोंगरात किंवा शेताच्या बांधावर सोडू नका, एकही नाही.